माग घरचा, चोपडी परक्याची

दिनांक २५ ऑक्टोबर २०२२. आदल्या संध्याकाळी घरोघरी आणि पेढ्यापेढ्यांवर लक्ष्मीपूजन झाले होते, दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि मधल्या या अमावास्येला सूर्यग्रहण आले होते. ग्रहण लागायला अजून अवकाश असतानाच, भरदुपारी देशभरातील व्हॉट्सॲप मुके झाले. सुमारे दोन तास शुभेच्छा पोहोचेनात, फोटो उतरेनात आणि पाठविलेल्या संदेशापुढे एकच खूण तिष्ठत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, हाच खेळखंडोबा जवळजवळ सहा तास चालला होता. त्या वेळी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हे तिन्ही व्यवहार एकाच वेळी बंद पडले. कारण तिघांचा मालक एक आणि त्या मालकाच्या यंत्रणेत देखभालीच्या वेळी झालेली चूकही एकच. अमेरिकेतील एका कंपनीच्या कारागिराच्या हातून एक आज्ञा चुकते आणि सोलापुरातील माणसाला भिवंडीतल्या भावाशी बोलता येत नाही! या अवस्थेची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, सेवा पूर्ववत होताच विनोद फिरू लागले आणि विषय संपला.

तो इतक्या सहज संपू नये. भवानी पेठेत उभे राहून या प्रश्नाकडे पाहिले की त्याचे खरे वजन कळते. सोलापूरच्या पूर्व भागातील या वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मागांचा खडखडाट हेच घड्याळ आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे घर आणि कारखाना यांत भिंत ठेवली नाही; अनेक घरांत पुढे संसार आणि मागे माग अशीच रचना असे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल याच गल्ल्यांतून देशभर गेले. आज त्या चादरीचा नमुना दाखविण्यासाठी कोणी गठ्ठा घेऊन रेल्वेत बसत नाही. नव्या नक्षीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, त्यावरच भाव ठरतो, ऑर्डर तेथेच येते, सुताचा दर तेथेच कळतो, पैसे भरल्याचा पुरावाही तेथेच येतो आणि माल खराब निघाला तर भांडणही तेथेच होते. विडी वळणाऱ्या आयाबहिणींना लिहिण्याची दगदग नको, म्हणून त्या तेलुगूत आवाजी निरोप पाठवितात. तो सिरसिल्ल्याला, करीमनगरला, भिवंडीला क्षणात ऐकू येतो. लक्ष्मीपूजनाला ज्या चोपडीवर हळदकुंकू वाहिले जाते, ती चोपडी आता केवळ शोभेची उरली आहे. खरी चोपडी, म्हणजे गिऱ्हाइकांची नावे, देण्याघेण्याचे शब्द, उधारीची आठवण, ही दुसऱ्याच्या दप्तरात जाऊन बसली आहे.

दप्तर दुसऱ्याचे असण्यात गैर काय, असे कोणी विचारील. बँकेतही पैसे दुसऱ्याकडेच असतात. परंतु बँक बदलता येते, आणि बदलताना शिल्लक बरोबर नेता येते. येथे तसे नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ही कंपनी दरमहा अहवाल प्रसिद्ध करते. त्यातील आकड्यांप्रमाणे २०२३ च्या नोव्हेंबर या एका महिन्यात ७१ लाखांहून अधिक भारतीय खाती बंद करण्यात आली. त्यांतील बहुसंख्य खाती फसवेगिरीची आणि उपद्रवीच असतील, हे मान्य केले पाहिजे. पण एकाच दिवशी तीनशे दुकानदारांना चादरीचा नवा नमुना पाठविणारा प्रामाणिक व्यापारी आणि लॉटरीचे आमिष पाठविणारा भामटा यांतील फरक यंत्राला प्रत्येक वेळी कळेलच याची हमी कोण देणार? आणि खाते बंद झालेच, तर दाद मागण्यासाठी कोणत्या कचेरीच्या पायऱ्या चढायच्या? जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने आपले गोपनीयतेचे धोरण बदलले आणि 'मान्य करा' एवढाच पर्याय वापरणाऱ्यांपुढे ठेवला. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. रक्कम मोठी वाटते खरी. मात्र केंद्र सरकारनेच फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या भारतीय वापरकर्त्यांची संख्या ५३ कोटी सांगितली होती. त्या हिशेबाने हा दंड माणशी चार रुपये पडतो. मागाजवळच्या टपरीवर तेवढ्यात अर्धा कप चहा येतो.

याला उतारा म्हणून आपल्याकडे आजवर काय झाले? स्वदेशी ॲप हे पहिले उत्तर होते, आणि त्यामागील भावना निर्मळ होती यात शंका नाही. हाइक हे संदेशांचे ॲप डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले, २०१६ मध्ये त्याचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याची संदेशसेवा बंद झाली. 'कू'ची कहाणी अधिक बोलकी आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत गौरविले गेलेले हे ॲप, फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटरने सरकारी आदेश पाळण्यास टाळाटाळ केली तेव्हा एकदम प्रकाशात आले. मंत्र्यांनी खाती उघडली, सरकारी विभाग आले, सर्वसामान्य राष्ट्रप्रेमी नागरिकही उत्साहाने आले. ऐन भरात असताना रोजचे २१ लाख आणि महिन्याचे सुमारे एक कोटी लोक तेथे येत होते. जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी निरोपाचे पत्र लिहिले. भागीदारीची बोलणी फिसकटली होती आणि अशी सेवा चालू ठेवण्याचा तांत्रिक खर्च पेलवत नव्हता. ज्यांनी तेथे आपल्या मातृभाषेत तीन-तीन वर्षे लिहिले, त्यांच्या हाती काय उरले?

येथे एक गमतीशीर योगायोग नोंदविण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलाचे खाते बंद केले, तेव्हा स्वतःला उदारमतवादी म्हणविणारी मंडळी रागारागाने 'मॅस्टोडॉन' नावाच्या जर्मन बनावटीच्या विकेंद्रित माध्यमावर गेली. सव्वा वर्षाने दुसऱ्या विचारांची मंडळी तशाच रागाने 'कू'वर गेली. दोघांची राजकीय मते दोन टोकांची. पण तक्रार अक्षरशः एकच होती, की घरमालक मनमानी करतो. आणि थोड्याच दिवसांत दोघेही त्याच घरमालकाच्या ओसरीवर परत येऊन एकमेकांशी भांडू लागले. प्रश्न पक्षाचा नव्हताच, रचनेचा होता.

रचनेचा म्हणजे काय, हे समजण्यासाठी फार लांब जायला नको. हाइक काय किंवा कू काय, मालक बदलला तरी चोपडी एकाच्याच हाती राहिली. स्वदेशी मालक हा परदेशी मालकापेक्षा आपल्या कायद्याला अधिक जवळचा, हे खरेच. परंतु त्याने दुकान आवरले की गिऱ्हाइकाची चोपडीही त्याच्याबरोबर जाते. विकेंद्रित रचना याहून वेगळी. तेथे एक कंपनी नसते, एक ठरलेली भाषा असते. ती भाषा बोलणारी शेकडो छोटी केंद्रे असतात आणि कोणत्याही केंद्रातील माणूस दुसऱ्या केंद्रातील माणसाशी बोलू शकतो. ई-मेल हे याचे सर्वांत जुने आणि परिचित उदाहरण. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते, त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. टेलिफोनचेही तेच. त्यातही २०११ च्या जानेवारीपासून देशभर 'नंबर तोच, कंपनी वेगळी' ही सोय मिळाली, तेव्हा मोबाईल कंपन्यांचा ग्राहकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा बदलला, हे प्रत्येक कुटुंबाने अनुभवले आहे. संदेशांच्या क्षेत्रात हीच कल्पना नवी नाही. 'एक्सएमपीपी' ही खुली भाषा १९९९ पासून आहे, 'मॅट्रिक्स' २०१४ पासून. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये आले. अलीकडचे 'ब्लूस्काय' फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुले झाले. फ्रान्सच्या सरकारने आणि जर्मनीच्या सैन्याने आपल्या अंतर्गत निरोपांसाठी मॅट्रिक्सवर आधारलेली व्यवस्था उभी केली आहे. म्हणजे तंत्र कच्चे आहे असेही म्हणता येत नाही.

मग सामान्य माणूस तिकडे का जात नाही?

पहिली अडचण उंबरठ्यावरच आहे. व्हॉट्सॲप घ्यायचे तर मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, एक आकडा येतो, तो भरला की काम झाले. ओळखीची माणसे आधीच आत बसलेली दिसतात. मॅस्टोडॉनच्या दारात मात्र नवख्याला प्रथम विचारले जाई, 'तुम्ही कोणत्या सर्व्हरवर राहणार?' यात्रेला आलेल्या माणसाला देवळाच्या पायरीवरच पन्नास धर्मशाळांची यादी हाती द्यावी, त्यातलाच हा प्रकार. यादीतली कोणती धर्मशाळा चांगली, कोणती उद्या बंद पडणार, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली तेव्हा जगभरातून लोंढे आले आणि मॅस्टोडॉनच्या मासिक वापरकर्त्यांची संख्या २५ लाखांपर्यंत चढली. पुढच्या काही महिन्यांत त्यातील लाखो लोक निघून गेले. शेवटी मे २०२३ पासून त्यांच्या ॲपने नव्या माणसाला न विचारता आपल्याच मोठ्या सर्व्हरवर नेण्यास सुरुवात केली. सोय झाली, पण ज्या केंद्रीकरणाला कंटाळून लोक आले होते त्याच्याच दिशेने टाकलेले ते एक पाऊल होते. सोय आणि स्वातंत्र्य यांची ही ओढाताण या क्षेत्रात पावलोपावली आढळते.

दुसरी अडचण किल्लीची. काही विकेंद्रित ॲपमध्ये नाव-गाव, फोन काहीच द्यावे लागत नाही. एक लांबलचक गुप्त अक्षरमाला हीच माणसाची ओळख. ती हरवली की ओळखही गेली. तंत्रज्ञांना यात स्वातंत्र्याचा परमोच्च आविष्कार दिसतो. सामान्य गृहस्थाला त्यात पोटात गोळा येण्यासारखे काहीतरी दिसते आणि त्याचे चुकत नाही. एटीएमचा आकडा विसरला तर बँकेच्या शाखेत जाता येते, पासबुक दाखविता येते, ओळखीचा कारकून असतो. जिथे कोणीच मालक नाही तिथे गाऱ्हाणे ऐकणाराही कोणी नाही. मोबाईल पाण्यात पडला, चोरीला गेला, नातवाने सगळे पुसून टाकले, या घटना भवानी पेठेत रोजच्या आहेत. त्यानंतर जुन्या नोंदी परत मिळतील का, या एका प्रश्नावर व्यापारी ॲपची निवड करतो. कूटबद्धतेच्या गणितावर करीत नाही.

आणि तिसरी अडचण, जिच्याबद्दल विकेंद्रीकरणाचे पुरस्कर्ते फारसे बोलत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी ती माणसे. त्यातील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होती. त्या काळात मोबाईलवरून फिरणाऱ्या अफवांनी देशात ठिकठिकाणी असे बळी घेतले. सरकारने खडसावल्यावर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर बंधन घातले. एका ठिकाणी निर्णय झाला आणि कोट्यवधी मोबाईलमध्ये तो लागू झाला, कारण सूत्रे एका हाती होती. विकेंद्रित व्यवस्थेत असे बंधन घालणार कोण? एका केंद्राने घातले तर दुसरे घालणार नाही. खुले सॉफ्टवेअर असल्याने कोणीही ते बंधन काढून टाकू शकेल. मंगळवेढ्याच्या त्या पालांवर जाऊन 'येथे कोणीच मालक नाही, हेच या व्यवस्थेचे सौंदर्य' असे सांगण्याचे धाडस कोण करील?

राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न याला जोडूनच येतो. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांना भारतात राहणारे जबाबदार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. ज्याचे कार्यालयच नाही त्याने अधिकारी कोठून आणायचा? मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी वापरत असल्याच्या कारणावरून १४ संदेशवाहक ॲपवर बंदी घातली. त्यात मॅट्रिक्सवर चालणारे 'एलिमेंट' आणि इंटरनेटशिवायही चालू शकणारे 'ब्रायर' होते. हीच ॲप जगभर पत्रकार आणि शासकीय संस्थाही वापरतात, म्हणून खुल्या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी बंदीला विरोध केला. बाजू दोन्ही आहेत. परंतु ज्या देशाच्या सीमेपलीकडून रोज कुरापती काढल्या जातात, त्या देशाला पत्ताच नसलेल्या माध्यमाकडे काणाडोळा करणे परवडत नाही, हे या क्षेत्रातील मंडळींनी समजून घेतले तर मार्ग निघेल. सर्व्हर भारतात, चालविणारी संस्था नोंदणीकृत, तिचे पदाधिकारी ज्ञात, आणि तरीही संदेशाचा मजकूर पाठविणारा व घेणारा यांच्यातच राहील अशी रचना अशक्य नाही.

आता खर्चाकडे वळावे. कारण घोडे खरे तेथेच अडते. आपल्या समाजाची पक्की समजूत झाली आहे की, निरोप फुकट जातो. पोस्टकार्डाला पैसे द्यावे लागत, तारेला शब्दावर आकार पडे, हे एका पिढीला आठवते. व्हॉट्सॲपनेही सुरुवातीला वर्षाला एक डॉलर वर्गणी ठेवली होती. जानेवारी २०१६ मध्ये ती रद्द केली. तोवर फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलर मोजून ते विकत घेण्याचा सौदा केला होता. इतकी रक्कम मोजणारा मालक वर्गणी सोडून देतो, तेव्हा ती दुसऱ्या वाटेने वसूल करण्याचा विचार त्याने केलेला असतो. आज मोठ्या उद्योगांकडून संदेशागणिक पैसे घेतले जातात आणि जून २०२५ मध्ये जाहिरातीही जाहीर झाल्या. फुकट सेवेचे बिल उशिरा येते, इतकेच.

ज्यांनी हा मार्ग नाकारला त्यांची ओढग्रस्त पाहण्यासारखी आहे. सिग्नल हे विकेंद्रित नव्हे, पण धर्मादाय तत्त्वावर चालणारे ॲप. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपला कंटाळलेले लाखो लोक तिकडे धावले आणि त्या गर्दीने १५ जानेवारीला सिग्नलच कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या संस्थेने आपला हिशेब उघड केला. २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च पाच कोटी डॉलरच्या घरात जाईल असा तिचा अंदाज होता. नवीन माणसाच्या मोबाईलवर खातरजमेचा आकडा पाठविण्यासाठीच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते. हे पैसे देणगीतून आणायचे. मॅट्रिक्सच्या प्रतिष्ठानाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की, मार्चअखेर एक लाख डॉलर जमले नाहीत तर दुसऱ्या ॲपशी जोडणारे आपले पूल बंद करावे लागतील. ज्यांच्या तंत्रावर युरोपातील सरकारे विसंबतात त्यांच्यावर अशी झोळी पसरण्याची वेळ यावी! विकेंद्रित व्यवस्थेत खर्च वाटला जातो असे म्हणतात, पण तो काही बाबतीत वाढतोही. एका केंद्रातील माणसाने टाकलेला फोटो दुसऱ्या केंद्रातील लोकांना दिसायचा तर त्या केंद्रातही त्याची प्रत ठेवावी लागते. शंभर केंद्रांत वाचक असले तर शंभर प्रती. चादरीच्या नक्षीचे रोजचे पन्नास फोटो धरले, तर साठवणुकीचा हिशेब कोणीही करू शकेल. मॅस्टोडॉनची अनेक छोटी केंद्रे एखाद्या हौशी तरुणाने पदरमोड करून चालविलेली. तो दमला, आजारी पडला, त्याची नोकरी गेली, की केंद्रावरच्या हजारो लोकांना बिऱ्हाड हलविण्याची नोटीस.

सोलापूरला ही गोष्ट मुळात नवी वाटू नये. सरकारच्या वस्त्रोद्योग अहवालांत यंत्रमागांचा उल्लेखच 'विकेंद्रित क्षेत्र' असा केला जातो. एके काळी या शहरात केंद्रीकरण म्हणजे गिरणी होती. १८७७ ची जुनी गिरणी, पुढे आलेल्या इतर गिरण्या. भोंगा वाजला की शहर जागे व्हायचे. त्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा भोंग्याबरोबर हजारोंच्या चुली थंडावल्या. घराघरांतील माग मात्र टिकून राहिले, कारण एकाचा माग थांबला तर शेजाऱ्याचा चालू असे. ही विकेंद्रीकरणाची ताकद. पण त्याच मागधारकाला सूत स्वतः कातता येत नव्हते, नक्षीकार नेमण्याची ऐपत नव्हती, बाजारपेठ दूर होती आणि उधारी देणारा व्यापारी म्हणेल तो भाव होता. माग विकेंद्रित राहिले; सूत आणि बाजार मात्र मोजक्या हातांत गेले. ज्या दिवशी सूत महागले त्या दिवशी त्याचे स्वातंत्र्य किती पोकळ आहे हे त्याला कळले. विकेंद्रित ॲपचीही हीच गत आहे. केंद्रे शेकडो असतील. पण ॲप ज्या दुकानातून उतरवायचे ते गूगलचे नाही तर ॲपलचे, आणि सर्व्हर बहुधा दोन-तीन बड्या कंपन्यांच्या गोदामात भाड्याने घेतलेले.

बडी कंपनी खुल्या व्यवस्थेत शिरली की काय होते, याचाही दाखला आहे. गूगलने २००५ मध्ये 'गूगल टॉक' आणले ते एक्सएमपीपी या खुल्या भाषेवर. २००६ च्या जानेवारीत इतर केंद्रांशी बोलण्याचे दारही उघडले. खुल्या व्यवस्थेच्या समर्थकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. २०१३ मध्ये 'हँगआउट्स' आले आणि ते दार लागले. तोवर बहुसंख्य लोक गूगलच्या घरात राहायला गेले होते, त्यामुळे बाहेर राहिलेल्यांचे दार ठोठावणे ऐकायला आत कोणी उत्सुक नव्हते.

भारताचा स्वतःचा अनुभव याहून आशादायक आहे, आणि तरी सावधही करणारा. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने पैशांच्या व्यवहारात नेमके तेच साधले जे संदेशांत साधत नाही. ॲप कोणतेही असो, बँक कोणतीही असो, पैसे पोहोचतात. भाजीवालीला या रचनेचा पत्ताही नाही, आणि त्यातच तिचे यश आहे. परंतु हे आपोआप झाले नाही. एका राष्ट्रीय संस्थेने नियम केले, रिझर्व्ह बँकेने पाठबळ दिले, बँकांना सामील व्हावेच लागले. शिवाय जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क न घेण्याचे धोरण असल्याने खर्चाचा भार बँका आणि सरकारी तिजोरी उचलत आली. आणि एवढे करूनही दोन परदेशी मालकीच्या ॲपकडे चार-पंचमांशांहून अधिक व्यवहार गेले. कोणा एकाकडे ३० टक्क्यांहून अधिक वाटा असू नये या नियमाची मुदत २०२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत पुढे ढकलावी लागली. खुला रस्ता बांधला म्हणून त्यावर सर्वांच्या गाड्या सारख्या धावतातच असे नाही. तरीही एक महत्त्वाचा फरक उरतो. उद्या त्या दोनांपैकी एक ॲप बंद पडले, तर भवानी पेठेतील व्यापारी दुसरे ॲप घेईल आणि त्याची शिल्लक बँकेत होती तशीच असेल.

झोहो या भारतीय कंपनीचे श्रीधर वेंबू यांना हे उमगलेले दिसते. त्यांचे 'अरट्टै' (तमिळमध्ये गप्पा) हे ॲप जानेवारी २०२१ पासून आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस स्वदेशीचे वातावरण तापले तेव्हा दिवसाला तीन हजारांवरून साडेतीन लाख लोक त्यात नाव नोंदवू लागले. 'कू'चा अनुभव ताजा असताना हा उत्साह किती दिवस टिकेल, अशी शंका अनेकांनी घेतली आणि काही आठवड्यांत ॲपच्या क्रमवारीतील घसरणीने ती खरीही ठरविली. मात्र त्या धामधुमीत वेंबू यांनी केलेले विधान या चढउतारापेक्षा मोलाचे होते. संदेशसेवा यूपीआय आणि ई-मेलसारख्या परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, आपल्याला मक्तेदारी नको, त्यासाठी भाषा प्रमाणित करून खुली करण्याचे बोलणे 'आयस्पिरिट' या संस्थेशी सुरू आहे, असे ते म्हणाले. युरोपने हे विनंतीवर सोडले नाही. तेथील कायद्याने व्हॉट्सॲपला दार उघडायला लावले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दोन छोट्या ॲपना युरोपात व्हॉट्सॲपशी जोडून घेण्याची वाट मिळाली. भारताची बाजारपेठ त्याहून मोठी आहे. येथील ५३ कोटींच्या वतीने ही मागणी करण्यास कोणाची परवानगी हवी आहे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर खर्चाचे उत्तर सहकारात शोधण्याचा एक प्रयत्न आपल्याच देशात चालू आहे, आणि महाराष्ट्रात त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय कार्यकर्त्यांनी 'प्रव' नावाचे संदेशांचे ॲप एक्सएमपीपीवर उभे केले आहे. त्यात शहाणपणाच्या दोन गोष्टी आहेत. एक, त्यांनी मोबाईल क्रमांकावरून ओळखीची माणसे शोधण्याची सोय ठेवली, म्हणजे उंबरठा उतरवला. दुसरी, कंपनी न काढता बहुराज्य सहकारी संस्था काढून वापरणाऱ्यांनाच मालक करण्याचा संकल्प सोडला. बहुराज्य सहकारी कायद्यानुसार अशा संस्थेसाठी प्रत्येक संबंधित राज्यातून किमान पन्नास व्यक्ती अर्जदार म्हणून लागतात. ५३ कोटी लोक ज्या देशात रोज निरोप पाठवितात, तेथे भाग विकत घेऊन मालक होण्यास तयार असलेले दोन राज्यांतील शंभर जण गोळा करण्यासाठीही दारोदार फिरावे लागते, यातच या व्यवसायाचे सगळे दुखणे आले. सहकाराला काय लागते आणि तो कशाने बुडतो, हे सोलापूर जिल्ह्याला शिकवायला नको. साखर कारखान्यांपासून सूत गिरण्यांपर्यंत दोन्ही अनुभव गाठीशी आहेत. संचालकांनी खुर्चीसाठी भांडावे आणि यंत्र गंजावे, हा धोका सर्व्हरलाही आहेच.

यंत्रमागधारकांच्या संघटनांनी, व्यापारी मंडळांनी, पतसंस्थांनी मनावर घेतले तर एक छोटा आरंभ कठीण नाही. बाहेरगावचा घाऊक खरेदीदार पहिल्या दिवशी नव्या ॲपवर येणार नाही, तो व्हॉट्सॲपवरच राहील. त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. परंतु मागधारकांचे आपापसातील बोलणे, म्हणजे आजचा सुताचा दर, कोणाकडे कामगार मोकळा आहे, वीज कधी जाणार, कोणत्या व्यापाऱ्याने पैसे थकविले, हे सगळे एकाच पेठेतल्या माणसांचे बोलणे आहे. त्यासाठी सभासदांचे स्वतःचे केंद्र चालू शकते. त्याला मासिक वर्गणी असावी, आणि ती वसूल करावी. पहिले वर्ष फुकट देण्याचा मोह टाळावा, कारण फुकटाची सवय मोडता येत नाही. वर्गणीतून एक पगारी माणूस नेमावा, जो फोन उचलेल आणि मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत, 'मोबाईल बदलला, जुने फोटो कुठे गेले?' या प्रश्नाचे उत्तर देईल. आवाजी निरोप पहिल्याच दिवसापासून नीट चालला पाहिजे. तो चालला नाही तर निम्म्या घरांतील बायका त्याकडे ढुंकून पाहणार नाहीत. आणि तोपर्यंत प्रत्येक पेढीने महिन्यातून एकदा तरी आपल्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, फोन आणि थकबाकी कागदाच्या चोपडीत उतरवून ठेवावी. त्याला दोन तासांचे काम आणि एका वहीचा खर्च येतो.